शंभर खाटा, एकही सुरकुती नाही

१ जून, रविवार

पलटणीत असताना रोज डायरी लिहायचो, कारण तसा हुकूम होता. पेन्शनीत आलो आणि सवय सुटली. आज पुन्हा धरतो आहे, कारण घरात मोहीम सुरू झाली आहे. आमच्या शिवांजलीला नर्सिंगची डिग्री करायची आहे. बारावी सायन्सला एक्क्याऐंशी टक्के पडले, नर्सिंगची सीईटीही देऊन झाली. राहिलं ते कॉलेज निवडायचं. मी जाहीर केलं की ते काम माझं.

अंजना म्हणाली, "तुमाला काय कळतंय त्यातलं?"

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या सुभेदाराला बायको हे विचारते. मी म्हटलं, "आगं, जागा तपासायची आसती. मी जल्मभर जागाच तपासल्यात." ती पिठाचा डबा घेऊन आत गेली. न बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

पोरीच्या डोक्यात नर्सिंग कुठून शिरलं ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी मिरजेला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शाळा बुडवून आठ दिवस ही माझ्या उशाशी होती. सलाइन कसं लावतात, नाडी कुठं धरतात, विचारून विचारून तिने सिस्टरला भंडावून सोडलं होतं. खरं सांगायचं तर माझी आणि माझ्या मुलीची ओळख त्या आठ दिवसांत झाली. त्याआधी मी तिच्यासाठी रजेवर येणारा माणूस होतो. हे लिहायला जड जातं, पण डायरीत खोटं लिहायचं नाही हाही हुकूमच होता.

९ जून, सोमवार

कॉलेज सापडलं. पहिल्याच दिवशी.

हायवेला लागून आहे, सांगलीच्या बाजूला. आधी फोन करून गेलो होतो. पलटण कशी आहे ते गेटवर कळतं, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. हे गेट बघून मन भरलं. ताजा रंग, दोन्ही बाजूंना चुना मारलेले दगड एका ओळीत, झेंड्याचा खांब सरळ. आणि गेटवर कोण असावं? हवालदार तानाजी! आमच्याच पलटणीतला, सात वर्षं माझ्या हाताखाली होता. मला बघून असा सॅल्यूट ठोकला की शेजारची कॉलेजची पोरं दचकली. म्हटलं, जिथं तानाजी गेटवर आहे तिथं आत काय बघायचं?

तरी बघितलं. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. शंभर खाटा. चादरी अशा ताणलेल्या की वर नाणं टाकलं तर उडावं. एका खाटेवर एक सुरकुती नाही. मी सगळ्या ओळी चालून बघितल्या. फौजेत तपासणीला मुआयना म्हणतात; तिथंसुद्धा असा मुआयना दहा वर्षांत एकदा मिळतो.

संचालक गोड बोलणारे आहेत. त्यांच्या भिंतीवर चौकटीतली सर्टिफिकेटं अकरा. गेटवरच्या बोर्डावर 'मान्यताप्राप्त' असं हातभर अक्षरात लिहिलं आहे. मी विचारलंच, डिग्रीला मान्यता आहे ना? ते म्हणाले, डिप्लोमाला आहेच, डिग्रीचे कागद वर गेलेत, फक्त औपचारिकता उरली आहे. हे मला नवीन नाही. बदलीचा हुकूम हातात यायच्या आधीच आम्ही ट्रंका भरायचो.

शिवांजलीचा शाळेचा दाखला आणि ओरिजिनल मार्कलिस्ट तिथंच जमा केली, म्हणजे जागा पक्की. फी वीस जुलैपर्यंत भरायची. संचालकांना शब्द दिला. संध्याकाळी गावात आल्यावर पारावरही सांगितलं की सुभेदाराच्या पोरीचं ठरलं. रंगुबाई तिथंच होती. म्हणाली, "नाथाजी, तू बघून आलाईस मंजी काय बघायचं ऱ्हायलं? माझ्या नातीचं बी तितंच बघ." तिची नात स्वप्नाली, शिवांजलीच्याच वर्गातली. तिच्यासाठीही शब्द देऊन टाकला.

१० जून, मंगळवार

जेवताना शिवांजलीने विचारलं, "आप्पा, पेशंट किती हुते?"

"कुठं?"

"त्या शंबर खाटांवर."

मी आठवून बघितलं. एकही नव्हता. तसं सांगितलं, वर म्हटलं, "मंजी बग, माणसं किती लवकर बरी हून घरी जात्यात." अंजनाला ठसका लागला. पाणी दिलं. आमटी तिखट झाली होती बहुधा.

२० जून, शुक्रवार

शिवांजली काल सायकलवरून कोरेगावला झेरॉक्सच्या दुकानात गेली होती. आज म्हणाली, "आप्पा, नर्सिंग कौन्सिलची यादी आसती. आन् आरोग्य विद्यापीठाची बी. एकदा बगायची का आपुन?"

मी म्हटलं, "यादी कागदाची आसती पोरी. मी जागा डोळ्यानं बगितलीया. आन् तितं तानाजी हाय."

"व्हय," म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "तुमी पारावर बी सांगितलासा न्हवं?"

"सगळ्यांदेखत."

"मग ऱ्हाऊ द्या."

समजूतदार पोर आहे. दुसरी असती तर हुज्जत घातली असती. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलं तर पुढे कौन्सिलमध्ये नाव नोंदवत नाहीत, मग कुठल्याच दवाखान्यात उभं करत नाहीत, असं काहीतरी तिला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. लोक उगाच घाबरवतात.

२९ जून, रविवार

तानाजी अचानक घरी आला. पायरीवर बसून दोनदा "साहेब" म्हणाला आणि दोन्ही वेळा थांबला. मी विचारलं काय ते, तर म्हणाला, "काय न्हाई, पाऊस बरा हाय इकडं." पावसाची चौकशी करायला माणूस तीन तासांचा प्रवास करून येतो. वय झालं त्याचं.

मी विहिरीवरची मोटर बंद करायला गेलो. परत आलो तर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून अंजनाशी हळू आवाजात बोलत होता. मला बघून दोघंही गप्प. त्याच्या बायकोचं दुखणं असेल काहीतरी, अशा गोष्टी तो मला सांगायला लाजतो. जाताना त्याचे डोळे ओले वाटले. सॅल्यूटही धड जमला नाही.

१३ जुलै, रविवार

म्हैस घेतली. तीन बाजार फिरलो. दात बघितले, चालवून बघितली, कासेला हात लावून बघितला, विकणाऱ्याच्या गोठ्यात जाऊन सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा समोर काढायला लावल्या. त्याच्या शेजाऱ्याला गुपचूप विचारलं, लाथ मारते का. मग घेतली. झकास जनावर आहे.

अंजनाने म्हशीच्या पायावर पाणी ओतलं, कुंकू लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हशीला म्हणाली, "तुजं नशीब मोठं गं बाई. तुला दोन येळा पिळून बगितलं. आमच्या पोरीच्या येळंला गेट बगून आलं."

मला राग आला. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१४ जुलै, सोमवार

दिवसभर ते वाक्य डोक्यात. मला सुचलं की एकदा न कळवता मुआयना करावा. कळवून केलेला मुआयना म्हणजे लग्नातला फोटो, सगळेच हसतात. ही कल्पना पूर्णपणे माझी. योगायोग असा की अंजनालाही आजच सुचलं, तानाजी भावजींना लोणच्याची बरणी पोचवायची आहे, आणि ती उद्याच पोचली पाहिजे. मी म्हटलं, ठीक आहे, माझं तिकडे काम आहेच, नेतो.

१५ जुलै, मंगळवार

आल्याबरोबर लिहायला बसलो.

अकराला पोचलो. गेटवर तानाजीने मला बघितलं, बरणी बघितली, आणि आत जाऊ दिलं. थेट हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलो. त्याच शंभर खाटा, त्याच चादरी. एका चादरीवर हात ठेवला. बोटं धुळीने भरली. त्या महिन्याभरात त्या खाटेवर कोणी टेकलंही नव्हतं.

प्रत्येक खाटेच्या पायाशी तापाचा तक्ता लावलेला. जवळ जाऊन वाचला. माणूस नाही, पण ताप आहे. सकाळी सहाला नव्व्याण्णव, दुपारी दोनला शंभर, संध्याकाळी सहाला पुन्हा नव्व्याण्णव. तारीख आजची. आणि माझ्या घड्याळात वाजले होते अकरा वाजून दहा मिनिटं.

नसलेला शिपाई गिनतीत हजर दाखवणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. अशा गुन्ह्यावर मी स्वतः एका माणसाची फीत उतरवली आहे. आणि इथं मी त्याच ओळींतून चालत गेलो होतो आणि चादरींवर खूश होऊन आलो होतो.

बाहेर आलो. तानाजी म्हणाला, "साहेब, डिग्रीला मान्यता न्हाईच. दुसऱ्या वर्साच्या पोरींची परीक्षाच झाली न्हाई. त्यातली एक पोरगी ह्या गेटला धरून रडत हुती. मी तुमाला सांगाय आल्तो, पन तुमी लय खुशीत हुता."

मी विचारलं, "मग पोरीचे कागद?"

"ते आदी घ्या साहेब. ते दाखवल्याबिगर तिला दुसरीकडं कुटंच ॲडमिशन मिळायची न्हाई."

ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, संचालक बाहेर आहेत, उद्या या, कागद असे परत मिळत नाहीत. मी आरडाओरडा केला नाही. त्याच्या टेबलासमोर सावधान उभा राहिलो. टाचा जुळवलेल्या, नजर समोर. दहा मिनिटांनी तो म्हणाला, बसा की. मी हललो नाही. अर्ध्या तासाने दार उघडलं. तानाजी गेट सोडून आत आला आणि माझ्या डाव्या हाताला तसाच उभा राहिला. दोन म्हातारे, एक क्लार्क. फी भरायला आलेले पालक दारातून बघून परत जायला लागले. पावणेदोन तासांनी त्याने कपाटाची किल्ली काढली. दाखला मिळाला, मार्कलिस्ट मिळाली. माझ्या शब्दावर रंगुबाईने तिथं जमा केलेले स्वप्नालीचे कागदही मागून घेतले.

तानाजी माझ्याबरोबरच बाहेर पडला. नोकरीची शिट्टी त्याने गेटच्या खिळ्याला अडकवली. लोणचं मात्र विसरला नाही.

१६ जुलै, बुधवार

सकाळी शिवांजलीला हाक मारली, कागद तिच्या हातात दिले आणि कालची सगळी कारवाई सांगितली. मी एकट्याने, न सांगता, कसं पकडलं ते. अंजना दारात उभी राहून कौतुकाने ऐकत होती. म्हणाली, "बरं सुचलं तुमाला."

मग मी म्हटलं, आता त्या याद्या बघूया. शिवांजली आत गेली आणि पुस्तकात ठेवलेले कागद घेऊन आली. कौन्सिलची यादी, विद्यापीठाची यादी, दोन्हीत ते कॉलेज शोधून शोधून पेन्सिलीने खुणा केलेल्या. डिप्लोमात नाव आहे, डिग्रीत नाही. कागदाच्या खाली छापलेली तारीख होती एकोणीस जून.

मी ती तारीख दोनदा वाचली.

"तुला तवापासनं म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले हुते आप्पा. तुमी न्हाई म्हनलासा." मग खाली बघत म्हणाली, "तुमी पारावर शब्द दिला हुता. सगळं गाव तुमच्या शब्दावर चालतंय. माझ्यामुळं तुमाला खाली बगायला लागलं आसतं."

"आन् मी परत गेलोच नसतो तर?"

"मग गेले आसते की तितं."

"चार वर्सं? कुठं बी उभं करनार न्हाईत हे म्हाईत आसून?"

ती "व्हय" म्हणाली. इतकं साधं म्हणाली, जसं पाणी आणून देऊ का विचारल्यावर म्हणावं.

मी उठून गोठ्यात गेलो आणि तिथं रडलो. सीमेवर माणसं गेलेली बघितली आहेत, तेव्हाही असा रडलो नव्हतो. माझ्या एका शब्दासाठी पोर अख्खं आयुष्य टाकायला निघाली होती, आणि मी ह्याच डायरीत तिला समजूतदार म्हणून मोकळा झालो.

परत येऊन तिला सांगितलं, "आजपासनं हुकूम. आप्पा चुकला तर तोंडावर सांगायचं. जागच्या जागी." ती हसली. पण मला हसू आलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

पारावर गेलो. बारा-पंधरा माणसं होती. बसलो नाही, उभ्यानेच बोललो. "मी चुकलो. ते कॉलेज खोटं हाय. मी गेट बगून शब्द दिला. कुनी माझ्या भरवश्यावर तितं जाऊ नका. आन् हितनं पुढं माझ्या काय, कुनाच्याच शब्दावर पोर पाठवू नका. यादी बगा." मग स्वप्नालीचे कागद रंगुबाईच्या हातात दिले आणि तिची माफी मागितली.

रंगुबाईने कागद उलटसुलट करून बघितले, तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, "नाथाजी, म्या तुज्या भरवश्यावर टाकलं, ती माजी बी चूकच की. आता पोरींनाच इचारू. त्या शिकल्यात न्हवं?"

माझ्या मनात होतं की आजपासून माझा मान गेला. घरी येताना एक मनुष्य हाक मारून थांबवतो काय आणि विचारतो काय, सुभेदार, आमच्या पोराच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजची यादी कुठं बघायची? मी म्हटलं, मला माहीत नाही, शिवांजलीला विचारून सांगतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

यादीतली चार कॉलेजं बघून झाली. आता मुआयना शिवांजलीच्या हातात, मी फक्त पिशवी धरतो. ती ठरलेले प्रश्न विचारते. डिग्रीला यंदाची मान्यता दाखवा. जागा किती मंजूर आहेत? गेल्या वर्षी किती मुली पास झाल्या? वॉर्डात रोज किती पेशंट असतात? आणि उत्तर मिळालं तरी वहीतल्या यादीशी ताडून बघते.

आज मिरजेचं बघितलं. गेट गंजलेलं. एक पट्टी तुटून लोंबते आहे. गेटवरचा माणूस खुर्चीत झोपलेला. माझ्या जिवाला फार लागलं, पण मुआयना तिचा, म्हणून तोंड बंद ठेवलं. आत वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही. खाटांवर माणसं, खाटांखाली डबे, चादरी चुरगळलेल्या, कोणी कण्हतंय, कोणी पेरू खातंय. मी मध्येच उभा राहिलो होतो. एवढ्यात एक विशीतली मुलगी ट्रे घेऊन धावत आली आणि ओरडली, "काका, बाजूला व्हा!" सुभेदाराला बाजूला करणारं पहिलं माणूस. मी झालो बाजूला.

शिवांजली त्या मुलीकडे बघत राहिली. मी शिवांजलीकडे. घरी येताना रेल्वेत तिने पसंतीक्रमात हेच कॉलेज एक नंबरला लिहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रवेशाच्या यादीत अजून नाव नाही. अंजना देवाला रोज दोन वेळा सांगते, मी संगणकावर चार वेळा बघायला लावतो.

तानाजीला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काम मिळालं. फोनवर म्हणाला, "साहेब, हितं खोटं काय न्हाई, निस्तं बेदाणं."

११ ऑक्टोबर, शनिवार

लागलं. मिरज, पहिल्या पसंतीचं. स्वप्नालीला सांगलीत मिळालं, तेही यादीतलं. रंगुबाईने पारावर पेढे वाटले आणि पहिला माझ्या तोंडात कोंबला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली, पोरगी गेली. म्हणजे मीच सोडून आलो.

अंजना स्टेशनवर रडली नाही, गाडी हलल्यावर रडली असणार. मिरजेला हॉस्टेलवर सामान चढवलं. मी गादी झटकली, खिडकीची कडी बघितली, नळ सोडून बघितला. खोलीतल्या दुसऱ्या मुलीची आई मला हॉस्टेलचा माणूस समजून पंखा दुरुस्त करायला सांगू लागली. केला दुरुस्त.

खाली आल्यावर मी शिवांजलीला म्हटलं, "दर रविवारी येतो. सकाळच्या गाडीनं, संध्याकाळी माघारी."

ती म्हणाली, "आप्पा, तोंडावर सांगू का?"

"सांग."

"दर रविवारी येऊ नका. मला हितं ऱ्हायला शिकायचं हाय. तुमी आलासा की मी तुमच्याकडं बगत ऱ्हाईन. म्हैन्यातनं एकदा या."

हुकूम माझाच. "बरं" म्हटलं. मग तिने पाया पडायच्या ऐवजी मला मिठी मारली, गेटसमोर, सगळ्यांच्या देखत, आणि पळत जिना चढून गेली. वळून बघितलं नाही. मीही रजा संपली की वळून बघायचो नाही. का ते आज मला दुसऱ्या बाजूने कळलं.

परतीच्या गाडीत आधी वाईट वाटलं, मग हिशोब केला. मी अठ्ठावीस वर्षं वर्षातून एकदा घरी यायचो आणि ही माणसं दारात उभी असायची, कोणी कधी तक्रार केली नाही. पोरीने मला महिन्यातून एकदा दिलं आहे. म्हणजे मी दिलं त्याच्या बारा पट.

घरी आल्याबरोबर कॅलेंडर बघितलं. शनिवारी नवा महिना लागतो आणि दोन तारखेला रविवार आहे. अंजनाला म्हटलं, सकाळच्या गाडीने जाऊ, दोघंही. ती म्हणाली, "आवं, आजच तर आलासा." मी म्हटलं, "ह्यो म्हैना येगळा, त्यो म्हैना येगळा." तिने लाडवांचा डबा आधीच काढून ठेवला होता.